आधी पुठ्ठ्याचं विमान: आमची वाटचाल

आमचं दुकान स्केल मॉडेलांचं, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या छोट्या विमानांच्या किटांचं. दुकान म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतल्या एका शेडची पुढची खोली. मागे वडिलांचं साचे बनवण्याचं काम चालायचं. आजूबाजूला चटईचे आणि पाइपांचे कारखाने, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. साच्यातून निघालेलं प्लास्टिक कुठे आकसतं आणि कुठे पीळ धरतं, हे मी शाळेत असतानाच तिथे बघून शिकलो. २०१३ मध्ये हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं पहिलं किट मुंबईहून आणलं आणि डबा वडिलांसमोरच उघडला. त्यांनी स्प्रूची, म्हणजे सगळे सुटे भाग ज्याला चिकटून येतात ती प्लास्टिकची चौकट खिडकीच्या उजेडात धरली, पंखाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली रेघ नखाला जेमतेम लागत होती. "साचा चांगला शे," ते म्हणाले. मग किंमत विचारली आणि म्हणाले, "पन इतलं महाग खेळनं कोन लेई?"

पहिली दोन वर्षं त्यांचंच खरं ठरलं. किटं घ्यायला येणारे मोजके होते आणि त्यातले बरेच फक्त बघून जायचे. धंदा सावरला तो वेगळ्याच गिऱ्हाइकामुळे. टेबलावर छोटे सैनिक मांडून, फासे टाकून लढाया खेळणारी मंडळी आमच्याकडे यायला लागली. पुण्या-मुंबईत त्यांचे गट आहेत हे मला माहीत होतं. धुळ्यात, भुसावळात, नंदुरबारातही आहेत हे नंतर कळलं. सैनिक त्यांच्याकडे आधीच असायचे. त्यांना त्या सैनिकांशेजारी शोभेल असं विमान हवं असायचं.

इथेच मी पहिली मोठी चूक केली. धुळ्याचे एक शिक्षक ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची लढाई मांडत होते. १९४४ च्या इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन हरिकेन उडवत होती आणि तिचे प्रमुख होते अर्जन सिंग, पुढे मार्शल झाले तेच. सरांना ते विमान धावपट्टीवर उभं दाखवायचं होतं. त्यांचे सैनिक २८ मिलिमीटरचे. सगळ्यात जास्त किटं १/७२ मापातच, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी, मिळतात म्हणून मी तेच बेधडक दिलं. पंधरा दिवसांनी सर रंगवलेलं विमान घेऊन आले. एक शब्द न बोलता त्यांनी विमान काउंटरवर ठेवलं आणि पंखाजवळ एक शिपाई उभा केला. शिपाई पंखाहून कितीतरी उंच, आणि त्याचे खांदे कॉकपिटपेक्षा रुंद. हा माणूस या विमानात बसणार कसा, एवढंच त्यांनी विचारलं. मी किटचे पैसे परत केले, पण त्यांनी रंगकामात घातलेल्या पंधरा संध्याकाळी परत करता येण्यासारख्या नव्हत्या.

त्या रात्री कॅलिपर घेऊन बसलो. घोळ असा आहे की १/७२ हे प्रमाण आहे आणि २८ मिलिमीटर ही उंची आहे. ती उंचीही बऱ्याच कंपन्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंत धरतात. सरांच्या शिपायाचं हेल्मेट ३१ मिलिमीटरवर होतं, खालची चकती धरून ३३. आता ३१ ला ७२ ने गुणा: २२३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वासात फुटांच्या वर. ५६ ने गुणलं की १७३६, म्हणजे पाच फूट आठ इंच, अगदी आपल्यातला माणूस. ४८ ने गुणलं तर १४८८, म्हणजे पाच फुटांना जरा कमी. म्हणून २८ मिलिमीटरच्या सैनिकांसाठी रणगाडे १/५६ मध्ये काढतात. विमानं मात्र त्या मापात फारच थोडी मिळतात. मग एका बाजूला ७२ आणि दुसऱ्या बाजूला ४८, यातूनच निवड करावी लागते.

माझं मत आता पक्कं झालं आहे. विमान जमिनीवर, माणसांच्या शेजारी उभं राहणार असेल तर १/४८ घ्यावं. आकड्यांत शिपाई बुटका येतो, पण या सैनिकांची डोकी, हात आणि बंदुका मुद्दाम मोठ्या घडवलेल्या असतात, पायाखाली चकतीही असते, त्यामुळे डोळ्याला ते खटकत नाही. विमान दांडीवर उडताना दाखवायचं असेल तर १/७२ उत्तम. हरिकेनच्या पंखांची लांबी चाळीस फूट, म्हणजे १/४८ मध्ये बरोबर दहा इंच. एवढं विमान टेबलावर तरंगत ठेवलं की खालची अख्खी तुकडी झाकते आणि कुणाचा हात लागला की आडवं होतं. १/७२ मध्ये तेच सतरा सेंटिमीटरचं होतं आणि उंचावर आहे म्हटल्यावर लहान दिसणं डोळा आपोआप मान्य करतो. १५ मिलिमीटरचे सैनिक असतील तर त्यांचं गणिती माप १/१००, पण उडत्या विमानासाठी मी १/१४४ च सुचवतो. १९७१ च्या लोंगेवालाच्या लढाईचा खेळ मांडणाऱ्यांना आम्ही त्याच मापाची हंटर लढाऊ विमानं देतो: पंख सात सेंटिमीटरचे, चार ठेवली तरी वाळवंट मोकळं राहतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. कस्टमच्या वर्गवारीत स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच रांगेत बसतात. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला. ते वर्ष आम्हाला फार जड गेलं. आधी किट चुकलं तर गिऱ्हाईक हळहळायचं. आता त्याचं महिन्याचं गणित कोलमडू लागलं. चुकीचं माप घरी जाऊच नये, यासाठी काहीतरी करणं भाग होतं.

केळीची खोकी आमच्याकडे कुठेही पडलेली असतात. त्यांचा जाड पुठ्ठा कापून मी प्रत्येक विमानाची वरून दिसणारी आकृती १/४८, १/७२ आणि १/१४४ या तिन्ही मापांत तयार केली. बायकोने त्यांवर जाड पेनाने नावं घातली. आता गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे दोन सैनिक मागतो, पुठ्ठ्याचं विमान टेबलावर ठेवतो, शेजारी सैनिक उभे करतो आणि चार पावलं मागे जाऊन बघायला सांगतो, कारण खेळताना माणूस तेवढ्याच अंतरावर असतो. बाहेरगावच्या लोकांना आकृती पोस्टाने पाठवतो. किट आवडेपर्यंत पैसे घेत नाही.

किटं कमी आल्यामुळे मागच्या शेडमध्ये आमचं स्वतःचं कामही सुरू झालं. उडत्या विमानाचे स्टँड आम्ही ॲक्रिलिकच्या दांडीचे करतो, वजनासाठी बैठकीत लोखंडी वॉशर आणि विमानाच्या पोटात पाच मिलिमीटरचं चुंबक. चुंबक नेमकं तोल साधेल तिथेच बसवावं लागतं, म्हणून वडील आधी विमान दोन बोटांवर तोलून खूण करतात. रंगकाम मे महिन्यात सकाळी नऊच्या आत आटोपतो. पारा ४४-४५ ला गेला की ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. रेझिनचा पंख वाकून आला तर गरम पाण्यात बुडवून काचेवर सरळ करतो. ब्रह्मदेशाच्या विमानांचं आणखी एक बघावं लागतं. तिथे जपानी लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून दोस्तांच्या विमानांवरच्या वर्तुळांतला लाल रंग काढून टाकला होता. किटमध्ये मात्र पुष्कळदा युरोपातली लाल ठिपक्याची डिकॅल, म्हणजे विमानावर चिकटवायची छापील चित्रं, येतात. ती तशीच चिकटवलेली मला बघवत नाहीत. निळ्या रंगाची आम्ही स्वतः छापून देतो.

गेल्या दिवाळीआधी शहाद्याचा एक तरुण आला. त्याला २७ ऑक्टोबर १९४७ चं श्रीनगर मांडायचं होतं: सैन्य वाहून नेणारी डाकोटा उतरली आहे आणि पहिल्या शीख बटालियनचे जवान दारातून बाहेर पडत आहेत. सैनिक २८ मिलिमीटरचे, अजून रंगवलेले नव्हते. विमान जमिनीवर, म्हणजे माझ्या हिशेबाने १/४८. पुठ्ठा ठेवला तर पंख साठ सेंटिमीटरचे. त्याचं टेबल सहा बाय चार फुटांचं, म्हणजे निम्मी रुंदी विमानानेच खाल्ली. १/७२ ची आकृती चाळीस सेंटिमीटरची, टेबलाला शोभली, पण दारात शिपाई उभा केला की पुन्हा धुळ्याच्या सरांचीच गोष्ट.

वडील मागून बघत होते. त्यांनी कपाटातून १/७२ च्या प्लास्टिक सैनिकांचा डबा काढला आणि त्यातला एक पुठ्ठ्यावर दाराच्या जागी ठेवला. "भाऊ, विमान राहू दे," ते त्याला म्हणाले, "सैनिक बदल." तो चार पावलं मागे गेला, वाकून टेबलाच्या पातळीवरून बघितलं, आणि २८ मिलिमीटरचे सैनिक पिशवीत परत भरले. डाकोटा आणि तीन डबे सैनिक घेऊन तो शहाद्याच्या एसटीला गेला. काउंटरवरची पुठ्ठ्याची डाकोटा वडिलांनी पुसली आणि खिळ्याला परत अडकवली.