आधी माप, मग चित्र : आमची वाटचाल

आमची फर्म विणलेलं कापड मोजून पडद्यावर उभं करते. आमच्याकडून कापडाची डिजिटल फाईल घेणाऱ्या प्रत्येकाला फाईलबरोबर एक तक्ता जातो. ताण्याच्या (उभ्या) आणि बाण्याच्या (आडव्या) सुताचा काउंट म्हणजे बारीकपणा, पिळाची दिशा, फिनिश कापडात इंचाला किती उभे धागे आणि किती पिक (आडवे धागे), जीएसएम (चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये), जाडी, ओढल्यावर उभ्या-आडव्या बाजूला किती वाढतं, वाकायला किती विरोध करतं, ड्रेप, म्हणजे कापडाचा झोक, किती. हा तक्ता सोबत नसेल तर ती फाईल आमची नव्हे, मग पडद्यावर ती कितीही देखणी दिसो. हे ठासून सांगायचं कारण आहे. ते पुढे येईलच.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. आमच्या घरात तो खूप नंतर आला. आप्पांचे साधे माग होते, धंदा खर्चीवाल्याचा : सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपल्याला पिकावर मजुरी. मी टेक्स्टाइल शिकून बाहेर पडले तो काळ कोटा उठण्याचा. 1 जानेवारी 2005 ला निर्यातीचा कोटा, म्हणजे परदेशात किती माल जाईल यावरची मर्यादा, संपला आणि मुंबईचे एजंट गावात दिसू लागले. त्यांना एकाच क्वालिटीचे (एकाच प्रकारच्या कापडाचे) हजारो मीटर नको होते. रंग वेगळा, चौकट वेगळी, मीटर थोडे आणि सॅम्पल मात्र लगेच, अशी त्यांची मागणी.

सॅम्पलला काय लागतं हे वाचणाऱ्यांना माहीत आहे. सूत रंगवून आणायचं, डायरची किमान किलोची अट सांभाळायची, सेक्शन पाडून ताणा करायचा, वहिफणी करून घ्यायची, म्हणजे ताण्याचा एकेक धागा वहीतून (धागे उचलणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून ओवायचा, मग ब्लँकेट, म्हणजे अनेक नमुने एकत्र असलेला तुकडा, विणायचं. ताण्यात सहा रंगांचे पट्टे आणि बाण्यातही सहा घातले, की एका ब्लँकेटमध्ये 36 चौकोन मिळतात. त्यातले दोन पसंत पडायचे, कधी एकही नाही. तो सगळा खर्च मागवाल्याच्या अंगावर. सॅम्पलचे पैसे इथं कुणी देत नव्हतं, आजही फारसं कुणी देत नाही. ब्लँकेट विणण्याआधी त्यातले तीस चौकोन पडद्यावरच बाद करता आले पाहिजेत, एवढ्या एका हिशेबावर 2006 साली आम्ही काम सुरू केलं.

आम्ही म्हणजे मी आणि मास्तर. मास्तरांनी उभी हयात ग्राफच्या कागदावर डॉबीचे (मागावर वह्या उचलणाऱ्या यंत्राचे) पेगप्लॅन, म्हणजे कोणत्या पिकाला कोणत्या वह्या उचलायच्या त्याचे आराखडे, काढले होते. कापडाचा तुकडा हातात दिला की सुईने एकेक धागा सोडवत ते वीण उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर चालवायला ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. तरी आमच्या फर्मची अर्धी अक्कल त्यांची.

एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. एका एजंटानं उन्हाळी शर्टिंगची पट्टी मागितली. जमीन प्लेन, मधे अर्ध्या इंचाची साटीनची पट्टी. सॉफ्टवेअरमध्ये ड्राफ्ट (धागे वह्यांत ओवण्याचा क्रम) भरला, पेगप्लॅन भरला, रंग दिले आणि पडद्यावर कापड फार सुंदर उठलं. मास्तर मागे उभे होते. म्हणाले, "बीम किती लावणार?" बीम म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ. सॉफ्टवेअर तो विचारतच नव्हतं. प्लेनमध्ये ताण्याचा धागा प्रत्येक पिकाला खाली-वर होतो, त्याला लांबी जास्त लागते. साटीनमध्ये तो चार-चार पिकांवरून सरळ जातो, त्याला कमी लागते. दोन्ही एकाच बीमवर घेतले तर चार-पाच मीटरनंतर साटीनची पट्टी ढिली पडते, झोल येतो, शेड (बाणा जाण्यासाठी ताण्यात पडणारी फट) नीट उघडत नाही आणि माग दुरुस्त करणारा जॉबर डोक्याला हात लावतो. साटीनला वेगळा बीम पाहिजे, आणि ज्या मागवाल्याला ही ऑर्डर जाणार होती त्याच्या मागावर दुसऱ्या बीमची सोयच नव्हती. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक डिझाइनच्या पानावर बीम किती, वह्या किती, फणीच्या घरात किती धागे, हे हाताने लिहिलं जातं. सॉफ्टवेअर विचारो न विचारो. वीस वह्यांच्या डॉबीवर चोवीस वह्यांचं डिझाइन चढवू नये हेही त्यातच आलं. पडद्यावर ते चढतं, मागावर नाही.

2008 ते 2016 काम नेमाने चाललं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मास्तर 2015 मध्ये थकून घरी बसले.

2017 मध्ये आम्ही मोठी उडी घेतली. ब्रँडचे डिझायनर तोपर्यंत क्लो आणि ब्राउझवेअर या सॉफ्टवेअरवर अख्खा शर्ट पडद्यावर शिवायला लागले होते. सीझनची रेंज ठरवताना शंभर शर्ट शिवून टांगण्याऐवजी पडद्यावरच मॉडेलच्या अंगावर घालायचे, रंग बदलायचे, नको ते काढायचे. त्यांच्याकडे पॅटर्न होता, अंगाची मापं होती, कापड मात्र नव्हतं. सॉफ्टवेअरबरोबर आलेलं तयार 'कॉटन पॉपलिन' लावून ते काम भागवत होते. आमच्या गावात विणलेलं पॉपलिन आणि ते तयार पॉपलिन यांचा संबंध नावापुरता. इथं आपलं काम आहे हे मला दिसलं.

कापडाचा स्वभाव मोजण्याची मोठी यंत्रणा जपानची, क्योटो विद्यापीठाच्या कावाबाता यांनी 1970 च्या दशकात उभी केलेली. ताण, कातर, वाक, दाब आणि पृष्ठभाग असं सगळं ती मोजते. तिची किंमत आमच्यासारख्यांनी विचारूही नये. पण शिकताना वापरलेली साधी साधनं होतीच. वाकण्यासाठी उतरता स्टँड : अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी पुढे पुढे सरकवायची, तिचं टोक 41.5 अंशांच्या रेषेला टेकलं की थांबायचं आणि बाहेर आलेली लांबी वाचायची. तिची निम्मी ती बेंडिंग लेंग्थ. ही लांबी सूत्रात घनाने जाते, म्हणून वाचनात 10 टक्के जास्त धरले तर कडकपणा 33 टक्के जास्त निघतो. तेवढ्यात पडद्यावरच्या शर्टाची कॉलर पुठ्ठ्याची होते. ड्रेपसाठी 30 सेंटिमीटर व्यासाचा गोल तुकडा 18 सेंटिमीटरच्या तबकडीवर ठेवायचा, खालून प्रकाश सोडून सावली कागदावर गिरवायची, ती कापायची आणि कागदाचं वजन करायचं. कागद वजन करून कापडाचा झोक कळतो. आमच्याकडे आलेल्या कॉलेजच्या मुलांना हे पहिल्यांदा पाहताना पटत नाही.

आणि मोजायची खोली. पंचगंगेकाठच्या पावसाळ्यात मोजलेलं सुती कापड आणि मार्चात मोजलेलं कापड एक नव्हे. 27 अंश तापमान आणि 65 टक्के आर्द्रता राखणारी बंद खोली बांधली. तिच्यासाठी, रंग मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी आणि चारही बाजूंनी प्रकाश टाकणाऱ्या स्कॅनरसाठी बँकेचं कर्ज घेतलं. त्याच वर्षी 1 जुलैला जीएसटी लागू झाला, गावात साधे माग भंगारात निघत होते, आणि आम्ही खोली बांधत होतो.

आता जे सांगायचं आहे ते नाव न घेता सांगते.

मुंबईत एक फर्म उभी राहिली. आमच्या एका क्वालिटीमागच्या दराच्या चौथ्या हिश्शात ते 'डिजिटल स्वॉच' (कापडाच्या नमुन्याची फाईल) देऊ लागले. त्यांची पद्धत मी त्यांच्याच फाईली उघडून पाहिली आहे. कापड घरगुती स्कॅनरवर ठेवायचं, चित्र उचलायचं, सॉफ्टवेअरमधला तयार कॉटनचा स्वभाव त्याला चिकटवायचा आणि ऑक्सफर्ड हे शर्टिंग जाड दिसावं म्हणून उठावाचा कर्सर वर ढकलायचा. मोजमाप शून्य. ट्विलचीच, म्हणजे तिरकी रेघ असणाऱ्या विणीचीच, गोष्ट घ्या. सुताला झेड (उजवीकडे चढणारा) पीळ आणि ट्विल उजवीकडे चढणारी असली, की रेघ थोडी दबते. पीळ आणि रेघ उलट दिशांना असतील तरच ती ठसठशीत उठते. त्यांच्या फाईलीत ती कोरून काढल्यासारखी होती. कारण सुताचा पीळ पाहिलाच नव्हता.

एका शर्टाच्या ब्रँडनं आपली रेंज डिजिटल फाईलींवर आखली. त्यातल्या थोड्या क्वालिट्या आमच्या होत्या, बहुतेक त्या मुंबईच्या फर्मच्या. त्या फर्मनं चौकटींसाठी ग्रे (मागावरून उतरलेल्या, प्रोसेस न झालेल्या) कापडाचे आकडे घेतले होते. मागावरून 63 इंच उतरलेलं कापड प्रोसेस हाउसमधून 58 इंच होऊन येतं. इंचाला 100 असलेले धागे 108 च्या पुढे जातात. एक इंचाची चौकट आडव्यात 0.92 इंच भरते. पॅटर्नमास्तरानं खिसा आणि पुढची पट्टी पडद्यावरच्या चौकटीवर जुळवून मार्कर (कापणीचा आराखडा) टाकला होता. खरं कापड टेबलावर पसरलं तेव्हा काहीच जुळेना, कापडाचा खप बदलला, ऑक्सफर्ड चित्रातल्यासारखं पडेना. माल अडला.

त्यानंतर ब्रँडच्या खरेदी विभागानं चौकशी कुणाची केली? कुणाचीच नाही. 'डिजिटल कापडावर विश्वास ठेवता येत नाही' एवढं एक वाक्य त्यांच्या ऑफिसातून निघालं आणि सगळ्या एजंटांपर्यंत पोहोचलं. आमच्या क्वालिट्या त्याच मालात मापाला उतरल्या होत्या. धाग्यांचे आकडे, चौकटीची मापं, ड्रेप, सगळं मी ओळीने मांडून पाठवलं. उत्तर आलं नाही. आमचं बिल त्या वादात रोखलं गेलं ते आजतागायत मिळालेलं नाही. 2018 च्या दिवाळीपर्यंत एकेक करून सगळे एजंट गेले. दोन मुली कामाला होत्या, त्यांना पगार उशिरा होईल असं सांगावं लागलं. बँकेचा हप्ता मात्र तारखेला दारात.

ज्यांनी मोजलं नाही त्यांचं काही बिघडलं नाही. त्यांनी दुसरा ब्रँड गाठला. ज्यांनी मोजलं त्यांची खोली कुलूप लावायला आली. हे मला आजही गिळवत नाही, आणि कुणी 'जाऊ दे ताई, जुनी गोष्ट आहे' म्हटलं तरी मी ते जाऊ देणार नाही.

त्या दिवसांत अण्णा आले. अण्णांचे डॉबीचे रेपियर माग, शर्टिंगची स्वतःची विक्री, आमचे जुने ग्राहक. मोटारसायकलला बांधलेलं गाठोडं सोडलं आणि म्हणाले, "पोरी, गावात काय ऐकतोय ते खरं का?" मी काही बोलले नाही. त्यांच्याच एका चौकटीची फाईल उघडली, खऱ्या मापात बारीक प्रिंट काढली आणि कागद पुढे ठेवला. अण्णांनी खिशातून भिंग काढलं. पितळेचं, घडीचं, कडा झिजून पिवळ्या झालेल्या. ते कागदावर ठेवलं, सुईचं टोक चौकटीच्या काठाला लावलं आणि मोजायला लागले. ओठ हलत होते. मग तेच भिंग कापडावर ठेवून पुन्हा मोजलं. कागदावर 108, कापडावर 108. त्यांनी बाणा मोजला. तोही बसला.

"मग अडलंय कुठं?" अण्णा म्हणाले. "माझ्या सगळ्या क्वालिट्या घाल की ह्यात. पैसे दर म्हैन्याला आधी घे."

त्यांचं स्वतःचं तेव्हा बरं चाललेलं नव्हतं. प्रोसेसवाल्याकडे माल अडकलेला, व्यापाऱ्यांकडे उधारी. तरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे यायचे, कधी चेकने, कधी मुलाच्या हाती. त्या पैशावर हप्ते गेले आणि दोघी मुली टिकल्या. आज त्यातली एक आमची प्रयोगशाळा सांभाळते. अण्णांचं अख्खं दुकान 2019 संपेपर्यंत पडद्यावर चढलं होतं, एकेक क्वालिटी मोजून, तक्त्यासकट.

मार्च 2020 मध्ये कुरियर बंद पडले. हँगर (टांगून दाखवायचे कापडाचे नमुने) मुंबईला जाईनात, खरेदीवाले गावात येईनात. सीझनची आखणी मात्र थांबत नसते. तेव्हा अण्णांच्या फाईली तयार होत्या. क्लोवाल्यांना झेडफॅब, ब्राउझवेअरवाल्यांना यूथ्रीएम, दोन्ही कापडाच्या फाईलीचे प्रकार. घरी बसलेल्या डिझायनरनी त्या शर्टावर चढवून पाहिल्या, रेंज ठरवली आणि माग सुरू झाल्यावर जे कापड गेलं ते पडद्यावरच्यासारखंच निघालं. पहिल्या मोठ्या सौद्याची बातमी अण्णांनी फोनवर दिली तेव्हा मी खोलीतच होते. त्यानंतर आम्हाला ग्राहक शोधत फिरावं लागलं नाही. ज्या ब्रँडनं बिल रोखलं, त्याच्याही नव्या माणसाचा फोन आला. आधी मागची बाकी द्या, एवढंच मी म्हणाले.

मागवाल्यांना विचारलं नाही तरी सांगते. डिजिटलसाठी कापड देताना ग्रे देऊ नका, प्रोसेस होऊन आलेल्या ताग्याच्या मधलं दीड-दोन मीटर द्या, पहिलं आणि शेवटचं मीटर नको, काठालगतचा तुकडा नको. घडी घालू नका, नळीवर गुंडाळा. इस्त्री करू नका. प्रोसेस हाउसनं सॉफ्टनर बदलला तर वीण तीच असली तरी पुन्हा मोजून घ्या, कारण ड्रेप बदललेला असतो. आणि फाईल कुणाची, ती एजंटानं दुसऱ्याला द्यायची की नाही, हे आधी कागदावर लिहून घ्या.

कॉलेजातून निघणाऱ्या मुलामुलींना : सॉफ्टवेअर महिन्यात येतं. भिंग लावून धागे मोजायला, सूत सोडवून पीळ ओळखायला वेळ लागतो, तो आधी द्या. ट्यूबलाइटखाली बसून पडद्यावर रंग पसंत करू नका. डी-65 (दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाणित) प्रकाशाची पेटी नसेल तर रंगाचा आकडा घ्या आणि आकड्यावर बोला. वहिफणी करणाऱ्या बायकांजवळ दोन दिवस बसा. कोणता ड्राफ्ट हाताला चुकतो ते त्या सांगतात.

सोलापूरहून टॉवेलवाल्यांचे फोन येतात. टेरीचे लूप पडद्यावर उभे करायचे म्हणजे सपाट कापडावर उठावाचं चित्र चिकटवून चालत नाही. लूपची उंची, त्याचा झुकाव, धुतल्यावर तो कसा फुलतो, दाबल्यावर किती बसतो, हे सगळं मोजावं लागेल. जाडी मोजताना किती दाब द्यायचा इथूनच अजून आमचे आकडे स्थिर नाहीत : तोच टॉवेल सकाळी एक जाडी दाखवतो, दाब थोडा बदलला की दुसरी. सध्या त्यावर काम चालू आहे. आकडे स्थिर होईपर्यंत टॉवेलची ऑर्डर आम्ही घेत नाही, आगाऊ पैसे दिले तरी नाही.