तिसऱ्या भागाची खबर, आणि रंगो बापूजींबद्दल जरा सविस्तर

आधी माझ्या टाइम ट्रॅव्हलच्या कादंबरीमालिकेचा तिसरा भाग कुठवर आलाय ते सांगते, म्हंजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचं काम होऊन जाईल. आपल्या काळातून मागं जाणारी आपली नायिका शर्वरी लंडनला पोचलीय. सातारा, मुंबई, बोट, इजिप्त हे सगळं लिहून झालंय, लंडनचं निम्मं झालंय, आणि आत्ता जे प्रकरण चालू आहे ते अख्ख्या मालिकेतलं मला सगळ्यात जवळचं आहे, त्यामुळं ते मी घाईत उरकणार नाही. दिवाळीला पुस्तक येणार नाही. गुढीपाडव्याचं बघतोय, प्रकाशकांशी तसं बोलणं झालंय.

आता बाकीचं. मंडईत, लग्नात, पोवई नाक्यावर रिक्षाची वाट बघताना, कुठंही वाचक भेटले की तेच तीन प्रश्न येतात. शिवाजी महाराज कधी भेटणार, पानिपत का जिंकू दिलं नाही, आणि साताऱ्याच्या राजासाठी लंडनला जाऊन भांडलेले, १८५७ नंतर कधीच न सापडलेले रंगो बापूजी त्या विहिरीतूनच गेले ना? पहिल्या दोनची उत्तरं पटकन देते कारण मला तिसऱ्यावर बोलायचंय.

नवीन वाचकांसाठी, मालिकेतलं भूतकाळात जायचं दार म्हंजे लिंबची बारा मोटेची विहीर. साताऱ्याहून पुण्याकडं जाताना हायवे सोडून आत गेलं की लिंब लागतं, तिथं ही अष्टकोनी विहीर आहे, वर एकावेळी बारा मोटा चालतील अशी जागा, विहिरीच्या पोटातच छोटासा महाल, भिंतींवर कोरलेले प्राणी. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा बांधकामाचा काळ दिलाय, इसवी सनात १७१९ ते १७२४, थोरल्या शाहू महाराजांचा काळ, आणि बांधणाऱ्या विरूबाईंचं नाव आहे. मालिकेचा नियम एकच, विहीर जिथवर आहे तिथवरच मागं जाता येतं. हा नियम मी हवेतून काढलेला नाही. आइनस्टाइनच्या समीकरणांतून भूतकाळात जायचे जे रस्ते कागदावर निघतात त्यातल्या बऱ्याच रस्त्यांना हीच अट पडते, यंत्र पहिल्यांदा सुरू झालं त्याच्या आधीच्या काळात जाता येत नाही. मला ते वाचल्यावर फार बरं वाटलं होतं, कारण शिलालेखावर सुरुवातीचं वर्षच कोरून ठेवलेलं दार कुठं मिळतंय!

त्यामुळं शिवाजी महाराज भेटणार नाहीत. राज्याभिषेक १६७४ चा, विहिरीच्या निदान पंचेचाळीस वर्षं आधीचा. मला माहितीय तुम्हाला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण ते दार उघडलं की शर्वरी तिथंच जाणार, तुम्ही तिथंच जाणार आणि मीही, आणि साताऱ्याच्या गादीची पुढची दीडशे वर्षं पुन्हा तशीच अंधारात राहणार. मालिका मी त्या दीडशे वर्षांसाठी लिहायला घेतली.

पानिपतचं असं आहे की दुसऱ्या भागात शर्वरीच्या हातात त्या काळचं एक पत्र होतं, 'सन इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं, सुहूर सन ११६१, म्हंजे मराठी दफ्तरात चालायची ती कालगणना, मृग नक्षत्राला सुरू होणारं वर्ष, आणि तिला ते वाचता येत होतं आणि १४ जानेवारीला काय होणार हेही माहीत होतं. तुमच्यातले कित्येकजण चिडलात की तिनं भाऊसाहेबांपर्यंत जायला हवं होतं. पण ती माणसं पुढचं काही माहीत नसताना लढली, पोरंबाळं बरोबर, धान्य संपत आलेलं, तरी लढली. ते मी त्यांच्याकडून काढून घेणार नाही. एवढंच.

आता तिसऱ्या भागाकडं येते.

शर्वरी १८४७ च्या चैत्रात विहिरीतून वर येते. हातातल्या घड्याळात बारा वाजलेत पण सावली अजून पायाशी आलेली नाही, आणि ती तिथंच थबकते. आपलं घड्याळ ज्या रेखांशावर चालतं तो ८२.५ अंशांचा, सातारा आहे ७४ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं धरली तर साताऱ्याचं खरं बारा वाजणं आपल्या घड्याळाच्या तीस-पस्तीस मिनिटं मागं असतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ला आली. त्याआधी साताऱ्याचे बारा साताऱ्याचे आणि मुंबईचे बारा मुंबईचे, आणि कुणाचं काही अडायचं नाही कारण दोन्हीकडची माणसं एकमेकांशी त्याच दिवशी बोलूच शकत नव्हती.

मला हे नुसतं आकड्यात लिहायचं नव्हतं म्हणून मी एक घटिकापात्र करून घेतलं, तांब्याची पातळ वाटी आणि तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळात पाणी भरायचं आणि वाटी अलगद वर सोडायची. आधी काहीच होत नाही असं वाटतं. मग भोकातून केसाएवढी धार आत उभी राहते, वाटीच्या तळाशी रुपयाएवढं पाणी जमतं, ते वाढत वाढत कडेला जातं, वाटी खाली खाली बसते, आणि कड पाण्याला टेकली की क्षणात सगळी आत, तळाला टण्ण वाजतं. ही एक घटका, आपली चोवीस मिनिटं, अशा साठ झाल्या की दिवसरात्र. ते बघत बसलं की मोबाईल हातात घ्यावासा वाटत नाही आणि आपण ज्या घरात बसलोय त्याच घराची वेळ मोजली जातेय हे अगदी आतून कळतं. शर्वरीला लिंबच्या वाड्यात पहिल्या रात्री झोप लागत नाही तेव्हा ती तो टण्ण ऐकत पडते. तो परिच्छेद मी नंतर एका अक्षराने बदललेला नाही.

आणि यातूनच लंडनचं प्रकरण सुचलं.

थोडा इतिहास सांगावा लागेल. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं. हा राजा स्वतः रोजनिशी लिहिणारा, गावात रस्ते आणि पाण्याची सोय करणारा, शाळा काढणारा, आणि त्याच्यावर कटाचे आरोप. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ च्या शेवटापर्यंत तिथंच राहिले. म्हंजे बघा, एक माणूस साताऱ्याहून उठतो, परक्या देशात, परक्या थंडीत, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या हाफिसात जातो, तिथल्या भागधारकांच्या सभेत उभं राहून बोलतो, अर्ज करतो, पुन्हा अर्ज करतो, आणि हे वर्षानुवर्षं. साताऱ्यात आज दहाजणांना विचारा, किती जणांना हे नीट सांगता येईल? मला याचा खरंच त्रास होतो.

महाराज १४ ऑक्टोबर १८४७ ला काशीत वारले. ऐन नवरात्रात.

आता लक्ष द्या. तेव्हा तार नव्हती. सुएझचा कालवा उघडला १८६९ ला, म्हंजे तोही नव्हता. टपाल मुंबईहून आगबोटीनं एडनवरून सुएझला, तिथून वाळवंटातून कैरो, मग नाईलनं अलेक्झांड्रिया, मग परत बोट. महिना-दीड महिना सहज. आणि काशीहून मुंबईला यायचा वेळ वेगळाच. म्हंजे काशीत महाराज गेले, क्रियाकर्म झालं, आणि लंडनमध्ये महाराज अजून कित्येक आठवडे जिवंत होते. रंगो बापूजी त्यांच्या नावानं अर्ज लिहीत होते, त्यांच्या तब्येतीची काळजी करत होते, गादी परत मिळाली की काय काय करायचं ते मनात मांडत होते.

शर्वरी त्या आठवड्यांत त्यांच्या खोलीत आहे.

ती तिथवर जाते एका इंग्रज कुटुंबाबरोबर आया म्हणून. त्या काळी अशा आया खरोखर जायच्या, बोटीवर पोरं सांभाळायला त्यांना घेऊन जायचे आणि विलायतेत पाय टेकला की कित्येकींना तिथंच सोडून द्यायचे, परतीचं भाडं नाही की काही नाही. त्या बायकांवर खरं तर एक वेगळी कादंबरी व्हायला हवी, मला जमेल तेवढं मी या भागात आणलंय. तर शर्वरीलाही तसंच सोडलं जातं आणि मराठी बोलणारा माणूस शोधत ती रंगो बापूजींच्या दारात जाते. ते तिला बसायला सांगतात, विचारतात, 'साताऱ्याची का गं तू? कुठली?' ती सांगते लिंबची. आणि हा माणूस, जो इतकी वर्षं सायबांशी कायद्याच्या भाषेत बोलतोय, तो विचारतो, 'यंदा आंब्याला मोहर कसा होता?'

मी हे लिहिताना रडले, सरळ सांगते.

पुढं ते बोरू घेतात, मोडीत लिहायला लागतात, शिरोरेघ आधी ओढून मग तिच्याखाली अक्षरं न थांबता लोंबत जातात तशी, कागदावर वाळू टाकून शाई टिपतात, आणि लिहितायत ते महाराजांना. महाराजांना! आणि समोर बसलेल्या पोरीला तारीख माहितीय. तिनं सांगायचं का? सांगितलं तर यांना आत्ताच दुःख, टपालाच्या आधी, आणि पुन्हा विश्वास कोण ठेवणार. नाही सांगितलं तर ती एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला गेलेल्या राजाला पत्र लिहू देतेय. तिला तर पुढचंही माहितीय, की पुढच्या एप्रिलमध्ये गादीवर बसवलेले धाकटे भाऊ शहाजी महाराजही जातील, दत्तक मानला जाणार नाही, डलहौसी संस्थान खालसा करेल. हे चौदा वर्षांचं काम हरणारं आहे हे तिला माहितीय आणि ते काम करणारा माणूस तिला विचारतोय आंब्याचा मोहर.

ती काय करते ते पुस्तकात. पण माझ्यासाठी टाइम ट्रॅव्हल म्हंजे ही खोली आहे. यंत्र कसं फिरतं, पृथ्वी तासाला लाखभर किलोमीटर सूर्याभोवती सरकते मग शर्वरी अवकाशात कशी पडत नाही, असं इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, प्रश्न बरोबर आहेत, उत्तर पहिल्या भागातच आहे, दार जमिनीत बांधलेलं आहे म्हणून मी विहीर घेतली. त्यावर मी यापेक्षा जास्त पानं घालणार नाही.

आता तो तिसरा प्रश्न. रंगो बापूजी परत आले, १८५७ च्या उठावाच्या तयारीत पडले, बेत फुटला, इंग्रजांनी त्यांना शोधायला आकाशपाताळ एक केलं आणि ते सापडले नाहीत. कधीच. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तर्क बांधलाय की शर्वरी त्यांना विहिरीतून आपल्या काळात घेऊन येते आणि म्हणून ते सापडले नाहीत. तर्क हुशार आहे, कथेत चपखल बसतो, एका वाचकानं तर पूर्ण प्रकरण लिहून पाठवलं आणि ते छान लिहिलं होतं.

पण मी ते करणार नाही, आणि का ते सांगते. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतराजणांना मारलं. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यात रंगो बापूजींचा मुलगा होता, सीताराम. बाप सापडत नाही आणि मुलगा फासावर जातो. आता मी जर लिहिलं की बाप तेव्हा आपल्या काळात सुखरूप होता, पोवई नाक्यावर पुतळा बघत उभा होता, तर मी त्या मुलाच्या मरणाचं काय केलं? तो माणूस जिथं कुठं गेला असेल, कुठल्या तरी मठात, जंगलात, कुणाच्या तरी माळ्यावर, तिथं त्यानं ती बातमी ऐकली असेल आणि तरी बाहेर येता आलं नसेल. ते त्याचं आयुष्य आहे. ज्याचं शेवटचं ठिकाण शोधता आलं नाही अशा खऱ्या माणसाचा मी माझ्या कथेतला चमत्कार करणार नाही. मी तयार केलेल्या पात्रांना मी वाट्टेल तिथं पाठवीन, रंगो बापूजींना नाही. तिसऱ्या भागात ते १८५३ ला बोटीत बसतात आणि शर्वरी धक्क्यावर उभी राहते, त्यापुढं मी त्यांच्या मागं जात नाही.

यावर काहीजण नाराज होणार हे धरून चाललेय. चालेल. पुस्तक वाचून भांडा, मी भांडायला तयार आहे.

चौथ्या भागाबद्दल थोडंसं. तो सांगलीकडं सरकतोय, १९४३, पत्रीसरकारचे, म्हंजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे दिवस, २४ जुलैला वसंतदादा आणि साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला तो काळ. आणि तिथं पुन्हा घड्याळ आलंच, कारण दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली प्रमाणवेळ एक तास पुढं केलेली होती. रेल्वे स्टेशनवरचं घड्याळ आणि डोक्यावरचा सूर्य यांचं आधीच जमत नव्हतं, त्यात आणखी एक तास. भूमिगत माणसं निरोप देताना 'इतक्या वाजता' म्हणाली तर कुठल्या वाजता, यावर मला एक पूर्ण पाठलाग रचायचाय.

त्यासाठी मदत हवीय. सांगली, मिरज, तासगाव, कुंडल, वाळवा, कराड या बाजूला तुमच्या घरात कुणी नव्वदीच्या पुढचं असेल तर त्यांना विचारा की लढाईच्या वर्षांत घरातलं घड्याळ पुढं केलं होतं का, शाळेची घंटा कधी व्हायची, गाडी नव्या वेळेनं यायची तेव्हा गावातले लोक काय म्हणायचे. छोटीशी आठवण असली तरी चालेल, बोलीत असेल तशीच लिहून पाठवा, दुरुस्त करू नका. आणि शक्यतो या सुट्टीत विचारा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.