टॉवेलच्या गाठीवरचा टॅग आठ मीटरवरून वाचला तेव्हा

मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. गोदामातून गाठ, म्हणजे टॉवेलचा आवळून बांधलेला गठ्ठा, बाहेर पडली की दिवाणजी वहीत टिपून घेतात. महिनाअखेरीला दोन-चार गाठींचा मेळ लागत नाही. एकदा पुण्याच्या रस्त्यावर सावळेश्वरचा टोल ओलांडताना मामा म्हणाले, "काचेवरचा टॅग लांबून वाचतोय की, मग माझ्या गाठी का वाचंनात बे?" मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. म्हटलं, बघू या.

आधी तयार आरएफआयडी टॅगचा, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणाऱ्या चिकटपट्ट्यांचा, रोल मागवला. कागदावरचा हिशेब चांगला होता. रीडर 1 वॅटचा, त्याचा अँटेना 6 डीबीआय (लहर एका दिशेला एकवटण्याचं माप), टॅगमधली चिप जागी व्हायला उणे 18 डीबीएम (शक्तीचं माप) पुरेत. रीडरचा अँटेना वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा, म्हणजे लहर गोल फिरवत सोडणारा, आणि टॅगचा सरळ असल्यामुळे निम्मी शक्ती सोडून द्यायची. तरी उत्तर येतं 12 मीटर. टॅग दोरीला टांगला तर 10 मीटरवर वाचला. गाठीवर चिकटवला आणि 3 मीटरवरच गप्प झाला.

या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींतून मिळेल तेवढ्यावर चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-जास्त परतवून आपला क्रमांक सांगते. अंतर दुप्पट हवं तर शक्ती चौपट लागते, आणि रीडरच्या शक्तीला कायद्याची मर्यादा आहे. म्हणजे सुधारायचा तो टॅगचाच अँटेना.

पाय असलेली चिप मागवली, कारण सिलिकॉनच्या उघड्या कणाला हाताने डाख देणं जमत नाही. आपल्याकडे हे टॅग 865 ते 868 मेगाहर्ट्झमध्ये चालतात. तिथली तरंगलांबी साडेचौतीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणून तिच्या निम्मा, तांब्याच्या चिकटपट्टीचा 17 सेंटिमीटरचा सरळ डायपोल (मधोमध चिप, दोन्हीकडे सारख्या भुजा असा अँटेना) केला. तो हवेतही जेमतेम साडेचार मीटर गेला. मी दोन दिवस डाखच तपासत बसलो होतो. चूक डाखात नव्हती. चिपच्या माहितीपत्रकात 1500 ओहम आणि त्याला समांतर 1 पिकोफॅरड असं लिहिलं होतं. 866 मेगाहर्ट्झवर ते एकसरीत मांडलं तर साधारण 22 ओहम रोध आणि उणे 181 ओहम प्रतिघात (कपॅसिटर किंवा कॉइलमुळे येणारा अडथळा) होतो. अँटेनाने याच्या नेमकं उलट, म्हणजे 22 ओहम आणि अधिक 181, दाखवायला हवं. सरळ डायपोल दाखवतो सुमारे 73 ओहम आणि प्रतिघात जवळपास शून्य. आलेल्या शक्तीतली जेमतेम 15 टक्के चिपपर्यंत पोचत होती. हे गणित मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

मग चिपसाठी छोटा चौकोनी वळसा केला आणि डायपोल त्याच्या शेजारी, न जोडता ठेवला. वळशाच्या आकारावर प्रतिघात ठरतो. 181 ओहमला सुमारे 33 नॅनोहेन्री लागतात. वळसा आणि डायपोल यांच्यातल्या फटीवर रोध ठरतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हलवता येतात, ही सोय मला फार आवडली.

मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र छळत राहिला. नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्राची केबल डायपोलला जोडली की केबलच अँटेना होऊन बसते. शेवटी पत्र्याचं काम करणाऱ्या काकांकडून 60 सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा आणला, मधोमध कनेक्टर बसवला आणि अर्धाच अँटेना वर उभा केला. पत्रा आरशासारखा उरलेला अर्धा भाग पुरा करतो. आलेला आकडा दुप्पट करायचा. त्याच पत्र्यावर अँटेनाला लागून घडी घातलेले टॉवेल रचले, आणि 866 मेगाहर्ट्झला बसवलेला अनुनाद (अँटेना जिथे सगळ्यात चांगला चालतो ती जागा) 790 च्या खाली सरकताना डोळ्यांनी दिसला. सूत आणि त्यातला ओलावा यांमुळे अँटेना लांब असल्यासारखा वागतो. तयार टॅग गाठीवर का मुका होतो, त्याचं मोठं कारण हे. तिथून पुढे हवेतलं मोजमाप सोडून दिलं. टॉवेल लावूनच कात्रीने दोन-दोन मिलिमीटर छाटत गेलो. हवेत हा टॅग आता वाईट वाचतो, आणि तसाच तो हवा आहे.

गोदामात नवीन दोन अडचणी निघाल्या. गाठ आवळायच्या स्टीलच्या पट्टीला टॅग लागून असला की वाचतच नाही. पॅकिंगवाल्या अण्णांना चार बोटं अंतर आणि पट्टीला आडवा, असं दाखवून दिलं. त्यांनी लगेच खडूने जागा आखून घेतली. दुसरी अडचण शहाबादी फरशीची. दारापासून ठरावीक अंतरावर टॅग गायब व्हायचा आणि पुढे गेला की परत यायचा. सरळ आलेली लहर आणि फरशीवरून परतलेली लहर तिथे एकमेकींना मारत होत्या. रीडरचा अँटेना अर्धा मीटर वर चढवून थोडा खाली झुकवला, तसं ते भोक गाठींच्या वाटेतून हटलं.

गेल्या आठवड्यात मामांनी स्वतः हातगाडी ढकलली. साडेआठ मीटरवर रीडर वाजला, आणि मामांनी गाडी मागे नेऊन पुन्हा तीनदा आणली. थप्पीच्या आतल्या गाठी अजून वाचत नाहीत. चारही बाजूंनी कापूस असताना लहर तिथवर पोचत नाही. दारातून एकेक गाठ जाते तेव्हा मात्र नोंद होते. पावसाळ्यात कापूस जास्त ओलावा धरेल, म्हणून 5 मिलिमीटर आखूड केलेले दहा टॅग वेगळे करून ठेवलेत.