बूच शेवटी उघडायचे

वर्षअखेरच्या मेजवानीत मध्यरात्रीच्या ठोक्याला प्रत्येक पाहुण्याच्या हाती स्ट्रॉबेरी घातलेल्या स्पार्कलिंग वाइनचा ग्लास असावा, एवढीच यजमानांची अट होती. पाहुणे दोनशे होते. हॉटेलच्या बारवर काम करणाऱ्याला दोनशे ग्लासांचे भय वाटत नाही. परंतु इतर कॉकटेलप्रमाणे हे पेय आधी मिसळून ठेवता येत नाही, कारण वाइनमधला वायू एकदा निसटला की त्याला परत आणण्याचा कोणताही उपाय बारमध्ये नसतो.

हिशेब सरळ होता. प्रत्येक ग्लासात 30 मिलीलिटर फळाचा रस आणि 90 मिलीलिटर वाइन धरली, तर 750 मिलीलिटरच्या एका बाटलीत आठ ग्लास होतात. म्हणजे दोनशे ग्लासांसाठी पंचवीस बाटल्या आणि सहा लिटर रस. फुटणाऱ्या व उतू जाणाऱ्या मालासाठी आम्ही थोडे अधिक मागवले. व्यवस्थापकांनी पेयाची कृती आधीच ठरवून दिली होती: स्ट्रॉबेरीचा दाट गर, साखरेचा पाक आणि ग्लासाच्या काठावर साखरेची किनार.

बाटल्या यजमानांनीच आणल्या आणि त्या दुपारी उशिरा पोहोचल्या. लेबल पाहताच कृती बदलावी लागणार हे माझ्या लक्षात आले. त्यावर ‘डेमी-सेक’ असे लिहिलेले होते. ‘ब्रूट’ वाइनमध्ये एका लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, ‘एक्स्ट्रा ड्राय’मध्ये 12 ते 17 ग्रॅम, तर डेमी-सेकमध्ये 32 ते 50 ग्रॅम. फळांच्या कॉकटेलसाठी आम्ही नेहमी ब्रूट घेतो, कारण गोडवा फळाकडून येतो आणि वाइनने आंबटपणा सांभाळायचा असतो. इथे वाइनच गोड असल्याने पाक पूर्णपणे वगळला आणि गरात लिंबाचा रस घातला. व्यवस्थापकांना ते फारसे रुचले नाही, परंतु चव घेतल्यावर त्यांनी वाद घातला नाही.

खरी अडचण पुढे आली. नमुन्याचा पहिला ग्लास करताना सहकाऱ्याने मिक्सरमधून नुकत्याच काढलेल्या गरावर वाइन ओतली, आणि गुलाबी फेस क्षणात काठावरून उसळून टेबलभर पसरला. ग्लासात उरलेली वाइन चाखली तेव्हा ती जवळजवळ सपक झाली होती. अशा पद्धतीने दोनशे ग्लास भरले असते तर निम्मी वाइन पुसण्याच्या फडक्यात गेली असती.

या उसळण्यामागे गूढ असे काही नाही. वाइनमध्ये विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला बुडबुडा होण्यासाठी जागा लागते, आणि ती जागा म्हणजे एखाद्या तंतूत किंवा खरबरीत पृष्ठभागावर अडकलेला हवेचा सूक्ष्म कण. अगदी स्वच्छ, गुळगुळीत काचेत बुडबुडे फार थोडे उठतात. ग्लासात दिसणारी बुडबुड्यांची देखणी माळ पुष्कळदा पुसण्याच्या कापडाच्या धाग्यावरून सुरू झालेली असते. मिक्सरमधल्या गरात तर फळाचे तंतू, बिया आणि पात्यांनी घुसळून आत कोंबलेली हवा हे सगळे एकत्र असते. फळातील पेक्टिन हा दाटपणा देणारा घटक तो फेस लवकर फुटूही देत नाही. काठावरच्या साखरेचे दाणेही वाइनमध्ये पडले की हेच काम करतात, म्हणून साखरेची किनारही रद्द झाली. ती मला तशीही आवडत नाही. ओठांना चिकटण्यापलीकडे तिचा उपयोग दिसत नाही.

उपाय वेळखाऊ, पण साधा होता. सगळा गर बारीक गाळणीतून दाबून काढला, त्यात गाळलेला संत्र्याचा रस मिसळून तो पातळ केला आणि हवा वर येऊन निघून जावी म्हणून पसरट भांड्यांत शीतकपाटात ठेवून दिला. व्हेनिसमधल्या हॅरीज बारमध्ये जुझेप्पे चिप्रियानी यांनी रूढ केलेल्या बेलिनी या स्पार्कलिंग वाइनच्या कॉकटेलमध्येही पांढऱ्या पीचचा गर असतो, आणि तो ओतणाऱ्याचा हात सावकाश चालावा लागतो तो याच कारणाने. सजावटीला स्ट्रॉबेरीच्या कापांऐवजी डाळिंबाचे दाणे घेतले. त्यांची साल गुळगुळीत असल्याने फेस कमी होतो, आणि बुडबुडे चिकटले की दाणे वर येऊन पुन्हा खाली जातात, हे पाहुण्यांना भारी आवडते.

थंडपणाची लढाई बाकी होती. उबदार द्रवात वायू टिकत नाही, आणि आलेल्या बाटल्या खोलीच्या तापमानाच्या होत्या. फ्रीझरमध्ये टाकण्याची सूचना आली, ती मी नाकारली. विसरलेली बाटली तिथे गोठून फुटू शकते. मोठ्या टबांत बर्फ, पाणी आणि मूठमूठ मीठ घालून बाटल्या मानेपर्यंत बुडवल्या. नुसत्या बर्फात मधली हवा आड येते, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडते, त्यामुळे अर्ध्या तासात बाटल्या 6 ते 8 अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्या. रस आणि ग्लासही थंडच ठेवले होते.

मध्यरात्रीपूर्वी शेवटच्या काही मिनिटांतच बुचे काढायची, असा माझा आग्रह होता. आत पाच-सहा वातावरणांएवढा दाब असतो, तेव्हा तारेची जाळी सैल केल्यापासून बुचावरचा अंगठा हलवायचा नाही, बाटली तिरकी धरायची आणि बुचाऐवजी बाटली फिरवायची, हे सर्वांना पुन्हा बजावले. एकाने रस मोजून घातला, दोघांनी ग्लास तिरका धरून त्याच्या कडेने वाइन सोडली, चौथ्याने डाळिंबाचे दाणे टाकले. तिरक्या ग्लासात ओतल्यास वायू कमी निसटतो, हे शॅम्पेनवरील 2010 सालच्या फ्रेंच संशोधनात मोजूनही दाखवले गेले आहे. कोणीही चमचा फिरवायचा नाही, कारण पातळ रस वाइनच्या प्रवाहाबरोबर आपोआप मिसळतो. मद्य न घेणाऱ्यांसाठी त्याच रसावर थंड सोडा ओतला. रंग जवळजवळ तोच असल्यामुळे ते ग्लास वेगळ्या तबकात ठेवणे भाग होते.

ठोके पडले तेव्हा शेवटचे तबक दाराबाहेर पडत होते. नंतर यजमानांनी घरी करण्यासाठी कृती विचारली, तेव्हा मी एका बाटलीला 240 मिलीलिटर गाळलेला, थंड रस हे प्रमाण त्यांना लिहून दिले आणि पुढच्या वेळी लेबलावर ‘ब्रूट’ पाहून बाटली घेण्यास सांगितले. गाळणीत उरलेला चोथा मिठाईच्या विभागाने मागून नेला.