हत्तीचं चित्र

आज नाशिकच्या परशुराम सायखेडकर नाट्यगृहातून तालीम आटोपून बाहेर पडले, तर एक दाढीवाला गृहस्थ गाडी लावून थेट समोर. "ताई, केबलवर रविवारी मुलांना गोष्टी सांगायच्या त्या तुम्हीच ना? माझं चित्र दाखवलं होतंत. हत्तीचं."

मला हत्ती काही आठवेना. "हो, आठवतंय की!" म्हणून मोकळी झाले. (जुनी सवय. 'तुमची सगळी पत्रं मी स्वतः वाचते' हेही तेव्हा असंच बोलायचे.)

गंमत म्हणजे तासाभरापूर्वीच दिग्दर्शकाने झापलं होतं, "तू अजून लेन्सशी बोलतेस." खरंय ते. कॅमेऱ्याला भुवई हलली तरी पुरते. नाटकात तीच भुवई तिसऱ्या रांगेपुढे पोचत नाही. तिथे मान, खांदे, श्वास, सगळं कामाला लावावं लागतं, आणि चुकलं तर 'कट' म्हणणारं कुणी नसतं.

अशा वेळी अभिनेत्री भक्ती बर्वे आठवतात. सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून सुरुवात, मग मुंबई दूरदर्शनवर बातम्या, आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकर सरांचं नाटक 'अखेरचा सवाल', आणि १९७५ मध्ये पुलंची 'ती फुलराणी'. बातम्यांचा तो घोटीव आवाज आणि फुलराणीतल्या मंजुळेचा तो ठसका, एकाच गळ्यातून! मी तर अजून 'छोट्या दोस्तांनो'मधूनच बाहेर यायचेय.

हत्तीवाल्याला प्रयोगाचं आमंत्रण दिलं. म्हणाला, "मुलीला घेऊन येतो, मागची रांग मिळाली तरी चालेल."

मागचीच देणार आहे.