आयवॉशखाली डोळे उघडे ठेवताना

बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत, एका रसायन कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत मी काम करते. अपघातात डोळे कसे धुवावेत याची माहिती आम्हाला आजवर चित्रफितीतूनच मिळत असे. या वर्षी मात्र सुरक्षा विभागाने प्रत्येकाला आयवॉशपाशी, म्हणजे डोळ्यांत रसायन गेल्यास ते धुण्यासाठी बसवलेल्या पाण्याच्या कारंज्यापाशी, प्रत्यक्ष उभे केले.

सुरुवात डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्यापासून झाली. आयवॉशसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकानुसार धोक्याच्या जागेपासून तिथवर १० सेकंदांत पोहोचता आले पाहिजे, आणि वाटेत अडथळा असता कामा नये. टेबलाची कड चाचपत मी फ्यूम हूडपासून (रसायनांच्या वाफा ओढून घेणाऱ्या कपाटापासून) निघाले, तर पाय सॉल्व्हंटच्या रिकाम्या कॅनला अडखळला. तो मुद्दाम ठेवला होता का, हे प्रशिक्षकांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. माझ्या मते तो नेहमीचाच होता.

खरी परीक्षा पाण्याखाली झाली. पॅडल ढकलताच पाणी सुरू होते आणि पुन्हा बंद करेपर्यंत वाहत राहते, कारण दोन्ही हात पापण्या धरण्यासाठी मोकळे लागतात. पण धार जवळ येताच पापण्या आपोआप घट्ट मिटतात, मान मागे जाते, आणि अंगठा व तर्जनी यांनी त्या जबरदस्तीने उघडून डोळे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवत राहणे हे साध्या पाण्यातसुद्धा शरीराला मान्य नसते. ‘‘ताई, मिटलेल्या पापणीवरून पाणी गेलं तर तोंड धुतलं जातं, डोळा नाही,’’ असे प्रशिक्षक म्हणाले. पुढच्या खेपेस शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बेनने (इकडे ताईला बेन म्हणतात) माझे डोके खाली धरले आणि तेव्हाच पापण्या उघड्या राहिल्या. मदतनीस कशासाठी हवा, हे मला तिथे पटले.

डोळे असे किमान १५ मिनिटे धुवायचे असतात. इतका वेळ का, याचे उत्तर आमच्या रोजच्या कास्टिक सोड्यात आहे. बहुतेक आम्लांमुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात आणि त्यांचा आत शिरण्याचा वेग काहीसा मंदावतो. कास्टिक सोड्यासारखी अल्कली मात्र ऊतींमधील स्निग्ध पदार्थांचा साबण करत खोल उतरत जाते. म्हणून ती निष्प्रभ करण्यासाठी व्हिनेगरसारखे काही डोळ्यात घालायचे नाही, कॉन्टॅक्ट लेन्स काढण्यासाठी धुणे लांबवायचे नाही (ती पाणी चालू असतानाच काढायची), आणि त्यानंतर रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक बरोबर घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जायचे.

एक प्रश्न चित्रफितीत कधीच आला नव्हता. मानकात पाण्याचे तापमान साधारण १६ ते ३८ अंश सेल्सिअस सांगितले आहे, आणि आमचे पाणी गच्चीवरच्या उघड्या टाकीतून येते. बडोद्याच्या मे महिन्यातल्या दुपारी त्या पाण्याखाली १५ मिनिटे कोण उभे राहील, असे मी विचारले, तेव्हा प्रशिक्षकांनी थर्मामीटर मागवला आणि पारा ३८च्या बराच वर गेला. आठवड्यातून एकदा पाणी सोडून पाहण्याची तपासणी आम्ही पूर्वी सकाळी उरकत असू. आता ती भर दुपारी करतो आणि वहीत तापमानाचा रकाना वाढवला आहे. टाकीवर छप्पर घालण्याचा प्रस्ताव सध्या खरेदी विभागाकडे आहे.