मुलीला बाहुली द्यावी का?

इंदूरमध्ये मी बालवर्गाला शिकवते. आपल्या मराठी घरांतल्या तरुण आया मला नेहमी विचारतात, की बाहुली हातात देऊन आपण मुलीला लहानपणीच चूल-मूल आणि नटण्यामुरडण्यात अडकवतो का? तुम्ही विचारलेत म्हणून सांगते: बाहुली जरूर द्यावी, मात्र त्या खेळात मुलीला कोणती जागा मिळते, याकडे लक्ष असावे.

कापडी बाळाला थोपटणारी मुलगी त्याचे दुखणे, हट्ट आणि समजूत सारे स्वतः ठरवते. बाहुला-बाहुलीच्या लग्नातली नवरी वयाने मोठी असली, तरी खेळणारी मुलगी नवरी नसते, ती विहीण असते. आमच्या माळव्यात अक्षय्य तृतीयेला अशी लग्ने लागतात, आणि त्यांत वरपक्षाची मुलगी ताठ बोलते, मानपान मागते, तर वधूपक्षाची मुलगी आपोआप नमते घेते. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मोठ्यांची लग्ने पाहून त्यांनी ते उचललेले असते, म्हणून मला त्या खेळात बाहुलीपेक्षा आपले घरच अधिक दिसते.

१९५९ साली अमेरिकेत आलेल्या बार्बीचे तसे नाही. तिच्यासमोर मुलगी आई किंवा विहीण न होता, मोठेपणी आपण कशा दिसू, हे पाहू लागते. इंग्लंडमध्ये ५ ते ८ वर्षांच्या १६२ मुलींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बार्बीची चित्रे पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीराबद्दल अधिक नाराज आढळल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या मुलींवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. २०१४ सालचा एक अमेरिकी अभ्यास मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. त्यात थोडा वेळ बार्बीशी खेळलेल्या मुलींनी, मुलगे करू शकतील त्यापेक्षा कमी व्यवसाय आपण करू शकू, असे सांगितले, आणि बार्बीच्या अंगावर डॉक्टरचा कोट असूनही उत्तर बदलले नाही. अभ्यास छोटा होता, ३७ मुलींचा, त्यामुळे तो अंतिम मानू नये; तरी नुसता पोशाख बदलून भागत नाही, ही शंका तो रास्त ठरवतो. २०१६ साली बार्बी उंच, ठेंगण्या आणि भरलेल्या बांध्यातही आली, हे चांगलेच झाले.

म्हणून बाहुल्यांत वैविध्य असावे, असे मी सांगते. इंदूरपासून फार लांब नसलेल्या झाबुआच्या कापडी बाहुल्यांमध्ये डोक्यावर टोपली घेतलेली भिल्ल स्त्री असते. ही कला जपणाऱ्या रमेश आणि शांती परमार या दांपत्याला २०२३ साली पद्मश्री मिळाली. ती बाहुली कामाला निघालेली आहे, कोणी आपल्याकडे पाहावे म्हणून उभी नाही, आणि मुलींना हा फरक कळतो.

आणखी एक विनंती, जी पालकांना सहसा रुचत नाही: धाकटा भाऊ बाहुलीला जेवू घालत असेल, तर ती त्याच्या हातातून काढून घेऊ नका, कारण बाळाला भरवणे हे आपलेच काम, हे त्याची बहीण त्याच क्षणी शिकते.